पुस्तक भिशी सुरू करायचीय? पहिल्या चिठ्ठीपासून सगळं सांगते

आमची पुस्तक भिशी २०११ च्या जूनमधे सुरू झाली, डोंबिवलीहून सीएसटीला जाणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात. आम्ही पाच जणी रोज एकाच दरवाजाने चढायचो, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी मंत्रालयात, आणि आमच्यातल्या एकीच्या पर्समधे कायम एखादं पुस्तक असायचं. तिला बसायला मिळालं की ठाणं येईपर्यंत ती वाचायची आणि ठाण्यानंतर आम्हाला पुढची गोष्ट सांगायची. असं दोनेक महिने चाललं, मग एक दिवस कुणीतरी म्हणालं की अगं तू सांगतेस त्यापेक्षा आम्हीच वाचतो ना, आणि रविवारी घरी बसून बोलू. एवढंच झालं. आता आम्ही सात जणी आहोत, तिघी रिटायर झाल्या, एक पुण्याला गेली, एक मुलाकडे सिंगापूरला, पण महिन्याचा तिसरा रविवार अजून आमचाच असतो.

भिशी हे नाव कारण चिठ्ठी. पैशाच्या भिशीत जिची चिठ्ठी निघेल तिला रक्कम मिळते, आमच्यात जिची चिठ्ठी निघेल ती त्या महिन्याचं पुस्तक ठरवते.

हल्ली ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की आम्हालाही असं करायचंय, कसं करायचं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. आधी एक सांगते आणि ते शेवटपर्यंत डोक्यात ठेवा. उत्तम उत्तम पुस्तकं निवडूनही वर्षभरात बंद पडलेल्या भिश्या मी पाहिल्यात, पण ठरलेली तारीख पाळणारी भिशी बंद पडलेली मी अजून पाहिली नाही. पुस्तकाची काळजी लोक फार करतात, तारखेची करत नाहीत.

पहिली पायरी, माणसं

पाच ते आठ. पाचपेक्षा कमी असाल तर एकीला ताप आला आणि एकीकडे पाहुणे आले की उरतात दोघी तिघी, आणि सारखं तसं व्हायला लागलं की उत्साह जातो. आठच्या वर गेलात तर हिशोब करून बघा, दोन तासांचे १२० मिनिटं, दहा जणी असल्या तर प्रत्येकीला बारा मिनिटं, त्यात चहा, उशिरा येणं, मुलांचे फोन, म्हणजे ज्या मुळात कमी बोलतात त्या काही न बोलताच घरी जातात आणि तीन महिन्यांनी यायच्या बंद होतात.

मोठ्या व्हॉट्सअप ग्रुपवर "कोण कोण इंटरेस्टेड आहे" असं टाकू नका. वीस अंगठे येतील आणि रविवारी चार माणसं. प्रत्येकीला वेगळं विचारा, समोर भेटून नाहीतर फोन करून, आणि तारीख सांगूनच विचारा, म्हणजे "तिसऱ्या रविवारी चार वाजता तुला जमेल का, दर महिन्याला?" यावर जी "बघू गं" म्हणते तिला पुढच्या वर्षी विचारा.

आणि हो, भरपूर वाचणारीच हवी असं अजिबात नाही. आमच्यातल्या दोघींनी शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात घेतलं नव्हतं, मासिकं आणि पेपरची पुरवणी एवढंच, आणि त्या दोघींनीच आम्हाला सगळ्यात चांगले प्रश्न विचारलेत. वेळेवर येणारी आणि दुसरीचं ऐकून घेणारी बाई शोधा, वाचायची सवय पुढे लागते.

दुसरी पायरी, तारीख

महिन्याचा अमुकवा रविवार, अमुक वाजता, आणि हे बदलायचं नाही. दर महिन्याला "सगळ्यांना कधी जमेल" असा पोल घ्यायला लागलात की संपलं, कारण सात बायकांना एकाच वेळी जमेल असा रविवार कॅलेंडरमधे नसतोच. कुणाकडे बारसं, कुणाकडे सत्यनारायण, कुणाच्या मुलाची परीक्षा. आम्ही पहिल्या वर्षी हेच केलं, ऑगस्टची सभा ढकलत ढकलत ऑक्टोबरात गेली आणि तोपर्यंत पुस्तक कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यानंतर नियम केला, तिघी जमल्या की सभा झाली असं धरायचं. बाकीच्यांसाठी थांबायचं नाही, रुसायचंही नाही. २०१३ च्या जुलैमधे पाऊस असा कोसळत होता की आम्ही तिघीच होतो, पण त्या दिवशीच्या गप्पा मला अजून आठवतात.

वर्षाची नऊ दहा पुस्तकं पुरे होतात. मे महिना आम्ही सोडतो कारण निम्म्या जणी गावी असतात, आणि दिवाळीच्या आसपास पुस्तक ठेवत नाही, त्याचं पुढे सांगते. ज्या महिन्यात तिसऱ्या रविवारी गणपती असतील त्या महिन्यात आधीच्या रविवारी, हे जानेवारीतच कॅलेंडर बघून लिहून टाकायचं. जानेवारीच्या सभेत वर्षभराच्या तारखा एका कागदावर लिहा आणि प्रत्येकीने तो फ्रिजवर लावा. मोबाईलच्या रिमाइंडरपेक्षा फ्रिजचा कागद बरा, कारण तो घरातले बाकीचे पण बघतात आणि त्या रविवारी तुम्हाला दुसरं काम सांगत नाहीत.

तिसरी पायरी, पहिलं पुस्तक

बारीक पुस्तक घ्या. खरंच बारीक. आमचं पहिलं पुस्तक सहाशे पानांची कादंबरी होती, पाचातल्या चौघींची पूर्ण झाली नाही आणि चौघींनाही वाटलं की आपल्याला हे झेपणार नाही. पुस्तक चांगलं होतं, पुढे सहा वर्षांनी आम्ही ते आवडीने वाचलं, पण सुरुवातीला नको होतं.

मला कुणी विचारलं तर मी दोन तीन नावं देते. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी, १९५५ ची, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि ती वाडी, दोन तीन बसण्यांत होते आणि प्रत्येकीला त्यात स्वतःच्या गावचं कुणीतरी दिसतं. नाहीतर विश्राम बेडेकरांचं रणांगण, १९३९ चं, युरोपातून हिंदुस्थानला येणारी बोट आणि त्या बोटीवर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू मुलगी, इतकं लहान पुस्तक आणि त्यावर आम्ही साडेतीन तास बोललो होतो. आणि अगदीच धास्ती वाटत असेल तर माडगूळकरांचीच माणदेशी माणसं घ्या, त्यात सुटी सुटी व्यक्तिचित्रं आहेत, चारच वाचून झाली तरी त्या चारांवर बोलता येतं.

चौथी पायरी, निवड कुणी करायची

इथे मतदान करू नका. मतदानात नेहमी तेच पुस्तक येतं ज्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. चिठ्ठ्या करा. जानेवारीत सात नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात, दर सभेच्या शेवटी एक काढायची, पण ती पुढच्या महिन्यासाठी नाही, त्याच्या पुढच्या महिन्यासाठी. म्हणजे पुस्तक मिळवायला दोन महिने मिळतात, आणि मराठी पुस्तकांना ते लागतात, कारण कितीतरी चांगल्या पुस्तकांची आवृत्ती संपलेली असते आणि दुकानदार "मागवून देतो" म्हणतो त्याला तीन आठवडे जातात. सात चिठ्ठ्या संपल्या की परत सात टाकायच्या.

निवडणारीला दोन अटी. एक, तिने स्वतः निदान पन्नास पानं तरी वाचलेली असावीत, नुसतं परीक्षण वाचून नाव द्यायचं नाही. दोन, पुस्तकाच्या तीन प्रती कुठून मिळतील ते तिने आधी शोधून सांगायचं. तीन प्रती सात जणींना पुरतात, एकीने दहा दिवसांत वाचून पुढे द्यायचं. आणि बाकीच्यांना वर्षातून एकदा "हे मला नको" म्हणायचा हक्क, कारण न विचारता. आमच्या एका मैत्रिणीची आई कॅन्सरने गेली त्या वर्षी तिने एक पुस्तक असंच नाकारलं होतं. आम्ही का म्हणून विचारलं नाही, सांगायचं तेव्हा तिनेच सांगितलं.

निवडीत एक काळजी घ्या की सगळ्याच कादंबऱ्या होणार नाहीत. आत्मचरित्र, प्रवासवर्णन, अनुवाद, कविता, नाटक असं फिरतं ठेवा. अनुवादातलं राम पटवर्धनांचं पाडस आमच्याकडे इतकं आवडलं की चौघींनी ते विकत घेऊन नातवंडांसाठी ठेवलंय. परीक्षांच्या मार्च महिन्यात आम्ही पुस्तक घेत नाही, एकच कथा घेतो. जी. ए. कुलकर्णींच्या काजळमायातली एक कथा असली तर दोन तास कमी पडतात.

पुस्तकं कुठून आणायची

आधी तुमच्या गावातलं वाचनालय बघा. आपल्याकडे शंभर सव्वाशे वर्षांची वाचनालयं आहेत, आमच्या शेजारच्या ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, आणि बाजारात न मिळणारं पुस्तक तिथल्या कपाटात हमखास सापडतं, कधी कधी लायब्ररीच्या जाड बायंडिंगमधे आणि जुन्या तारखांच्या शिक्क्यांसकट. भिशीतल्या निदान दोघींनी मेंबर व्हा. बाकी पुण्यात अप्पा बळवंत चौक आहे, मुंबईत दादर गिरगाव आहे, ऑनलाइन तर आहेच. आमच्या डोंबिवलीत पुस्तकांच्या आदान-प्रदानाचं प्रदर्शन भरतं, आपलं वाचून झालेलं द्यायचं आणि दुसऱ्याचं घ्यायचं, आमच्या निम्म्या प्रती तिथूनच आल्यात. २०१७ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन डोंबिवलीला होतं तेव्हा तर आम्ही वर्षभराची खरेदी तीन दिवसांत उरकली होती.

एक गोष्ट मात्र करू नका. कुणीतरी स्कॅन केलेली पीडीएफ ग्रुपवर येते, ती फिरवू नका. मराठी पुस्तकाची हजारभर प्रतींची आवृत्ती खपायला वर्षं जातात, त्यात आपण सात जणींनी फुकट वाचलं तर पुढची आवृत्ती कोण काढणार. लेखक जाऊन साठ वर्षं झाली की पुस्तकावरचा हक्क संपतो, तशी जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर खुली वाचायला मिळतात, ती खुशाल वाचा.

ऐकलेलं चालतं का? चालतं. आमच्यातल्या एकीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने चार महिने ऑडिओबुक ऐकून सभा केल्या आणि आम्हाला जी वाक्यं दिसली नव्हती ती तिला ऐकू आली होती.

पाचवी पायरी, सभा कशी चालवायची

इथे जरा वेळ घेते कारण सगळं इथेच ठरतं.

"कसं वाटलं? आवडलं का?" या प्रश्नाने सुरुवात करू नका. त्याला उत्तर येतं "छान आहे" आणि पाच मिनिटांत गाडी भाजीच्या भावावर. आम्ही पहिली फेरी अशी करतो, प्रत्येकीने पुस्तकातलं एक पान सांगायचं, जिथे ती थांबली. आवडलं म्हणून थांबली, कंटाळून थांबली, चिडून थांबली, कळलं नाही म्हणून थांबली, काहीही चालेल, पण पान नंबर सांगायचा आणि बाकीच्यांनी ते पान उघडायचं. नुसत्या मतांवर बोलणं वाऱ्यावर जातं हो, पान समोर असलं की बोलायला धरून ठेवायला काहीतरी असतं. आवृत्त्या वेगळ्या असल्या की नंबर जुळत नाहीत, तेव्हा प्रकरण सांगायचं.

जिने पुस्तक निवडलंय तिने सगळ्यात शेवटी बोलायचं. ती आधी बोलली की बाकीच्यांना तिचं मन मोडवत नाही. आणि जी कमी बोलते तिला पहिली बोलवायचं, तिच्या आधी तीन जणी बोलल्या की ती म्हणते "माझं पण तेच".

लेखकाची माहिती, जन्म कुठे, पुरस्कार कोणते, हे सुरुवातीला नको. शेवटी दहा मिनिटं.

आणि दर सभेत एक उतारा मोठ्याने वाचा. हे आम्हाला उशिरा सुचलं, चौथ्या वर्षी. स्मृतिचित्रे घेतलं होतं, लक्ष्मीबाई टिळकांचं, एकीच्या घरी सभा होती आणि तिच्या सासूबाई, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या, आतल्या खोलीत पडल्या होत्या. लक्ष्मीबाईंची भाषा अशी की घरातली बाई समोर बसून सांगतेय, ती मनातल्या मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचली की जिवंत होते. त्यांचे यजमान टिळक ख्रिस्ती झाले आणि बाई मागे राहिल्या, तिथलं मी वाचत होते. वाचता वाचता मान वर केली तर काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या, पदर तोंडाला. मी थांबले. त्या म्हणाल्या, "थांबलीस का, पुढे काय झालं त्या बाईचं?" मग त्यांना खुर्ची दिली आणि पुढची चौदा पानं वाचली, त्या दिवशी चर्चा काहीच झाली नाही. त्यानंतर त्या घरी सभा असली की काकू आधीपासून खुर्ची घेऊन तयार बसायच्या आणि आम्ही त्यांच्यासाठी वाचायचो. त्यांचं वाचन दुसरीपर्यंतच्या शाळेचं, पण पुढच्या सहा वर्षांत त्यांनी आमच्याकडून किती पुस्तकं ऐकली असतील. म्हणून सांगते, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर दार बंद करून सभा घेऊ नका.

न वाचलेलीने यायचंच

हा नियम मी सगळ्यात वर ठेवते. पुस्तक पूर्ण झालं नसेल तरी यायचं, वीस पानं झाली असतील तरी यायचं, उघडलंच नसेल तरी यायचं. आल्यावर कुणी तिला "अगं एवढं पण नाही झालं?" असं म्हणायचं नाही. शेवट कळेल म्हणून बाकीच्यांनी जपून बोलायचं पण नाही, सगळं बोलायचं, ती ऐकेल.

कारण भिशी सुटते ती अशीच सुटते. एका महिन्यात वाचून होत नाही, लाज वाटते, काहीतरी कारण सांगून ती येत नाही. दुसऱ्या महिन्यात मागच्या वेळी गेलो नाही म्हणून संकोच. तिसऱ्या महिन्यात ती गेलेली असते. आमच्यातल्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी सासऱ्यांचं दुखणं होतं, जवळजवळ पावणेदोन वर्षं तिने एकही पुस्तक पुरं केलं नाही, पण ती दर सभेला यायची, कोपऱ्यात बसून ऐकायची, कधी कधी डोळा लागायचा तिचा. आम्ही पंखा कमी करायचो. नंतर ती म्हणाली की त्या दोन वर्षांत स्वतःचे असे तेवढेच दोन तास मिळत होते. आज वही तीच लिहिते.

वादाचं काय करायचं

वाद होणार. कसा हाताळायचा ते आम्ही चुकून शिकलो.

२०१४ मधे बलुतं वाचलं, दया पवारांचं दलित आत्मकथन, १९७८ साली आलेलं. पहिल्याच फेरीत एक म्हणाली, "वाचवत नाही गं, पण आता हे असं कुठे राहिलंय?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आमच्यातली दुसरी, जी तीन वर्षं आमच्यात होती आणि घरचं कधी फारसं बोलली नव्हती, तिने हातातला कप खाली ठेवला आणि सांगितलं की २००६ मधे आम्ही नवरा बायको भाड्याने घर बघत होतो, घर पसंत पडलं, ॲडव्हान्सचं बोलणं झालं, मग मालकीणबाईंनी आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी घर गेलं. असं तीनदा झालं. याच डोंबिवलीत. सगळ्या गप्प. जिच्या घरी सभा होती ती "मी चहा टाकते" म्हणून उठली आणि पहिली घाईघाईने "मला तसं म्हणायचं नव्हतं" असं समजावायला लागली आणि दोन्हीमुळे ते जास्तच अवघड झालं. पुढच्या महिन्यात दुसरी आली नाही.

मग पहिली तिच्या घरी गेली. फोन नाही, मेसेज नाही, घरी. दोघी काय बोलल्या ते आम्हाला माहीत नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात दोघी बरोबर आल्या आणि आम्ही सगळ्यांनी मिळून दोन गोष्टी ठरवल्या त्या अजून पाळतो. कुणी स्वतःवर गुदरलेलं सांगत असेल तर त्यावर मत द्यायचं नाही, उठायचं नाही, विषय बदलायचा नाही, फक्त "पुढे सांग" एवढंच म्हणायचं. आणि सभेत झालेला वाद व्हॉट्सअपवर न्यायचा नाही, तिथे आवाज नसतो, चेहरा नसतो, वाक्य तेवढं राहतं. आमच्या ग्रुपवर फक्त तारीख, पत्ता आणि प्रत कुणाकडे आहे एवढंच असतं.

मला वाटतं त्या वर्षानंतर आम्ही खऱ्या मैत्रिणी झालो. त्याआधी आम्ही एका गाडीच्या बायका होतो.

खाणं आणि पैसे

चहा आणि एकच पदार्थ. पोहे तर पोहे, भडंग तर भडंग. हे लिहून ठेवा आणि मोडू नका, कारण पहिल्या घरी बटाटेवडे झाले की दुसऱ्या घरी वड्यांबरोबर गुलाबजाम होतात, तिसरीला रात्रभर झोप नाही, आणि चौथी म्हणते की माझ्याकडे नको गं या महिन्यात. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी हे सुरू झालं होतं, वेळीच थांबवलं. घर लहान असेल तरी चालतं, सात बायका सतरंजीवर मावतात.

महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये काढतो. त्यातून निवडलेल्या पुस्तकाची एक प्रत भिशीची म्हणून घेतो, उरलेले साठतात. एकीनेच हिशोब ठेवायचा आणि जानेवारीत वाचून दाखवायचा.

दिवाळी

दिवाळीच्या महिन्यात पुस्तक नाही, अंक. मराठीत दिवाळी अंकाची सुरुवात काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या मनोरंजन मासिकाने १९०९ साली केली, म्हणजे ही शतकाहून जुनी सवय आहे आपली, आणि एकेकटीने चार पाच अंक घ्यायचे म्हटलं तर हजाराच्या वर जातात. म्हणून सात जणींनी सात वेगळे अंक घ्यायचे, आधी ठरवून, म्हणजे एकच अंक दोघींकडे यायला नको. दर पंधरा दिवसांनी अंक पुढच्या घरी. फेब्रुवारीपर्यंत सातही जणींचे सातही अंक वाचून होतात. अंकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहायचं, कुठला लेख चुकवू नये. सातव्या घरी अंक पोचतो तेव्हा त्यावर सहा जणींची अक्षरं असतात.

लांब गेलेल्या

पुण्याची मैत्रीण दोन तीन महिन्यांनी गाडीने येते, बाकी वेळी व्हिडिओ कॉल. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, आमचे चार म्हणजे तिचे साडेसहा, जमतं. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून मधोमध ठेवा, एका बाजूला ठेवला तर ती बाजूलाच पडते. एका वेळी एकीने बोलायचं हे घरच्यापेक्षा कॉलवर जास्त पाळावं लागतं. करोनाच्या काळात दीड वर्षं आम्ही सगळ्याच कॉलवर होतो आणि एकही तिसरा रविवार गेला नाही, त्याचं श्रेय फ्रिजवरच्या त्या कागदाला.

मे महिन्यात सभा नसते पण एकदा सहल केली, भिलारला, पाचगणी महाबळेश्वरच्या मधलं पुस्तकांचं गाव, २०१७ च्या मे मधे सुरू झालं. तिथे लोकांच्या घरांत विषयवार पुस्तकं ठेवलीत, आपण जाऊन बसायचं, वाचायचं. दोन दिवस राहा, एका दिवसात नुसती घरं बघून होतात, वाचून होत नाही.

वही

पहिल्याच सभेला दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही आणा. तारीख, पुस्तक, कुणाच्या घरी, कोण कोण होतं, आणि प्रत्येकीचं एक वाक्य, तिच्याच अक्षरात. यात कॉम्प्युटर नको. आमची आता तिसरी वही चालू आहे, पहिलीच्या कव्हरवर चहाचा गोल डाग आहे आणि मधल्या काही पानांवर हळदीचे ठसे.

या वहीचा खरा उपयोग दहा वर्षांनी कळतो. २०१२ मधे आम्ही सुनीताबाई देशपांड्यांचं आहे मनोहर तरी वाचलं होतं, आणि २०२३ मधे ठरवून परत वाचलं. परत वाचून झाल्यावर, बोलायच्या आधी, जुनी वही काढली. बँकेतल्या मैत्रिणीने २०१२ मधे लिहिलं होतं, "एवढा मोठा नवरा मिळूनही तक्रारच." तिने ते सगळ्यांसमोर स्वतःच वाचलं. मधल्या अकरा वर्षांत तिची मुलं बाहेर गेली, नोकरी संपली, घरात दोघंच. थोडा वेळ ती त्या ओळीकडे बघत बसली, मग नव्या वहीत लिहिलं, "ही बाई हिशोब ठेवत होती कारण दुसरं कुणी ठेवणार नव्हतं." जुनी ओळ खोडू का म्हणाली, आम्ही नको म्हटलं. तर दहा वर्षं झाली की पहिली पुस्तकं परत घ्या, आणि जुन्या ओळी मात्र पुस्तक परत वाचून झाल्यावरच बघा, नाहीतर माणूस जुन्या ओळीसारखंच वाचतं.

नवीन मेंबर घ्यायची झाली तर आधी तीन सभांना नुसतं बोलवा, मग दोन्ही बाजूंनी ठरवा. आमच्यात सातवी आली ती २०१९ मधे, एकीची भाची, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिसऱ्या सभेनंतर आम्ही तिला आधीच्या वह्या घरी वाचायला दिल्या. महिन्याने परत आणल्या तेव्हा तिने आत कागदाच्या पट्ट्या घालून आणल्या होत्या, अकरा पुस्तकांवर, आणि म्हणाली मावशी ही मला पण वाचायचीत, तुम्ही माझ्यासाठी परत घ्याल का. तिच्या चिठ्ठीला आम्ही त्यातलंच एक घेतो. अजून पाच पट्ट्या शिल्लक आहेत.